तुम्ही विचारलंत म्हणून : मृत्युपत्राचा विषय

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असतानासुद्धा, माझे काम काय हे कळल्यावर समोरच्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला आहे : "म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या मृत्युपत्राविषयी बोलायला तुम्हाला संकोच नाही वाटत?" पुण्यातल्या एका वस्तुसंग्रहालयासाठी मोठ्या देणग्या आणि मृत्युपत्रातून येणाऱ्या देणग्या मिळवण्याची जबाबदारी गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. प्रत्येक वेळी मी हसून विषय बदलते, कारण खरे उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नाही. संकोच वाटतो, पण तुम्हाला वाटते त्या जागी नाही.

मागण्याचे आधी सांगते. गणपतीची वर्गणी दारात उभे राहून मागता येते, कारण साधारण किती द्यायचे हे देणाऱ्याला ठाऊक असते आणि शेजाऱ्याने किती दिले ते पावतीपुस्तकात दिसते. मोठ्या देणगीला शेजारी नसतो. तिथे माणूस एकटा बसून आयुष्यभराच्या कमाईतला एक तुकडा बाजूला काढतो, आणि त्याला ते दारात उभ्या असलेल्या बाईसमोर करायचे नसते. पहिल्या भेटीत मी पैशाचे नावही काढत नाही. घरात काय आहे ते पाहते; आजीचा पानाचा डबा, भाऊबीजेच्या ओवाळणीचे तबक, माळ्यावरची दौत यांच्याविषयी ऐकते. पहिल्या चहापासून रकमेपर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते, आणि विश्वस्तांना हे समजावणे हा माझ्या नोकरीचा बराच मोठा भाग आहे, कारण त्यांना मार्चअखेर दिसत असतो.

पुण्यात एक गोष्ट मात्र मला कधीच समजावून सांगावी लागली नाही. दु:खातून संग्रहालय उभे राहू शकते, हे इथल्या माणसाला माहीत असते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्ये असा वीस हजारांवर वस्तूंचा संसार उभा केला, त्याला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव दिले आणि १९७५ साली तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्यांच्या घरी मी जाते त्यांतले निम्मे लोक हे उदाहरण मी बोलण्याआधी स्वत:च काढतात. देणगीला आपल्या माणसाचे नाव देता येईल का, असे लोक ओशाळून विचारतात, तेव्हा मी त्यांना विठ्ठलदास ठाकरसींची आठवण करून देते : अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला त्यांनी १९२० साली १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला आईचे, नाथीबाईंचे, नाव मिळावे अशी अट घातली. आईचे नाव राहावे असे वाटण्यात लाजण्यासारखे काय आहे?

मृत्युपत्राचा विषय बहुतेक वेळा मी काढतच नाही. "आमच्या मागे या घराचं काय होणार, कोण जाणे" हे वाक्य एरंडवण्यातल्या, कोथरुडातल्या, सदाशिव पेठेतल्या किती घरांत ऐकले याची गणती नाही. मुले कॅलिफोर्नियात किंवा मेलबर्नला, आणि इथे दोन माणसे, चार खोल्या, तीन कपाटे भरून पुस्तके. कोणी 'मृत्यू' म्हणत नाही. 'मागे' म्हणतात, 'पश्चात' म्हणतात, आणि जो शब्द त्यांचा तोच मी वापरते. अगदी सुरुवातीला एका निवृत्त प्राध्यापकांपुढे मी छापील माहितीपत्रक ठेवले होते. ते म्हणाले, "अहो बाई, मी अजून आहे. भिंतीवर माझा फोटो लागायच्या आत चहा तरी घ्या." माहितीपत्रक त्या दिवसापासून माझ्या पिशवीतच राहते.

करसवलतीने हा विषय पुढे सरकेल असे कोणाला वाटत असेल, तर तसे होत नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या वारशावर ४० टक्के कर आहे आणि धर्मादाय संस्थेला दिलेला भाग त्यातून वगळला जातो, त्यामुळे तिथले वकीलच आपल्या अशिलाला हा पर्याय सुचवतात. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी, म्हणजे वारशावरचा कर, १९८५ सालीच गेली. मृत्युपत्रात संग्रहालयाला काही ठेवून इथल्या माणसाचा एक रुपयाही वाचत नाही. हयातीतल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते, पण तिलाही प्राप्तिकराची जुनी करप्रणाली लागते आणि २,००० रुपयांवरची रोख रक्कम तिच्यात बसत नाही. म्हणजे जो देतो तो देण्यासाठीच देतो, आणि मला वाटते त्यामुळेच आमचे बोलणे सरळ राहते.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तितकी अवघड नाही, पण चूक महाग पडते. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे आणि करणारा ते हयातीत केव्हाही बदलू शकतो. आमचा नियम असा की संग्रहालयाचा कोणीही माणूस मसुदा लिहीत नाही, साक्षीदार होत नाही, मूळ कागद सांभाळत नाही. देणगीदाराने स्वत:च्या वकिलाकडे जावे. जे बदलता येते ते अंदाजपत्रकात धरायचे नाही, हा दुसरा नियम. तिसरा नियम माझ्या चुकीतून आला. एका गृहस्थांनी माझ्याशी तीन वर्षे बोलून मृत्युपत्रात "पुण्यातील वस्तुसंग्रहालयास" अमुक ठेवी द्याव्यात असे लिहून ठेवले. या शहरात वस्तुसंग्रहालये किती आहेत ते तुम्हीच मोजा. त्यांच्या पुतण्याने नेमके तेच विचारले, आणि त्याचे काही चुकले असे मी आजही म्हणणार नाही. प्रकरण तडजोडीने मिटले, आम्हाला निम्म्याहून कमी मिळाले आणि त्या घराशी असलेले बोलणे संपले ते संपलेच. तेव्हापासून आमच्या न्यासाचे, म्हणजे संग्रहालय चालवणाऱ्या ट्रस्टचे, नोंदणीकृत पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मी पहिल्याच वर्षी देऊन येते. आणि मुलांना, पुतण्यांना, जे कोणी असतील त्यांना आधी सांगा, असा आग्रह धरते. ते ऐकून दोघांनी विचार बदलला, तरीही धरते.

फ्लॅट देणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात : सोसायटीत केलेले नामनिर्देशन (नॉमिनेशन) म्हणजे मालकी नव्हे, आणि न्यासाकडे आलेली वास्तू पुढे विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

आता संकोचाचे. तो मला नको म्हणताना वाटतो. एका उद्योजकांनी वडिलांच्या नावाने दालन बांधण्यासाठी साठ लाख रुपये देऊ केले, आणि वडिलांचा सगळा संग्रह त्या दालनात कायम एकत्र मांडलेला राहील अशी अट घातली. आमच्याकडे संग्रहातला बराच भाग कोठीत असतो, वस्तू आलटून पालटून बाहेर येतात. कापड आणि चित्रे सतत उजेडात ठेवली तर त्यांचे रंग उडतात. वडिलांच्या संग्रहात पैठण्या होत्या. 'कायम' हा शब्द त्या पैठण्यांनाच मारक होता, आणि पन्नास वर्षांनंतरच्या अभिरक्षकाचे (संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरचे) हात आम्ही आज बांधायचे, हेही मला पटत नव्हते. मी विश्वस्तांना नकाराची शिफारस केली. विश्वस्तांच्या बैठकीत माझ्याकडे ज्या नजरांनी पाहिले गेले त्या सोसल्या, पण त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात बसून "अटीशिवाय देत असाल तर" हे वाक्य पुरे करताना माझा घसा कोरडा पडला. ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने मला बाहेर सोडताना कुंकू लावले, त्याने मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वस्तूंचे त्याहून वाईट. माणूस जे सगळ्यांत जपतो ते घेऊन येतो, आणि तसले तांब्याचे घंगाळ आमच्याकडे आधीच असते. किंवा शंभराहून अधिक वर्षांची मूर्ती असते, आणि ती घरात कशी आली याचा एकही कागद नसतो. १९७२चा पुरावस्तू कायदा समजावून सांगताना समोरच्याला वाटते की मी त्याच्या आजोबांना चोर म्हणते आहे.

आणि पैसा ज्यासाठी खरोखर हवा असतो त्याला देणारा सापडत नाही. काचेच्या कपाटावर नावाची पाटी लागते. पावसाळ्यात कोठीतली ओल रोखणाऱ्या यंत्राच्या विजेच्या बिलावर लागत नाही. म्हणून मी कायम निधीचा, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या निधीचा, आग्रह धरते. एक कोटी रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सात लाख येतात, त्यातले दोन-तीन महागाईसाठी मुदलात परत घालावे लागतात, उरलेल्यात एक जतनतज्ज्ञसुद्धा नीट पगारावर ठेवता येत नाही. हा हिशेब कागदावर मांडला की माणसे गप्प होतात. त्यांतली काही महिन्याभराने फोन करतात, आणि रक्कम कायम निधीसाठीच आहे असे आपल्या हाताने लिहून देतात. ते लेखी लागतेच.

सदाशिव पेठेत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचा वाडा पाडायला निघाला आहे आणि त्यांच्याकडे सतरा पितळी दिवे आहेत. चार वर्षे झाली, दर दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन जाते आणि त्या तो धुऊन, त्यात दोन लाडू घालून परत करतात. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "यादी झाली बरं का. पण त्यातली समई भाचीला द्यायची आहे, ती मागे लागली आहे. चालेल ना?" चालेल, म्हटले, पण तेही वकिलांना लिहायला सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, "मग सोळा दिव्यांनी तुमचं भागेल?" त्यातले आम्हाला फारतर पाच लागतील, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. येत्या गुरुवारी जायचे आहे.