पुढची डावी स्प्रिंग तुटली तेव्हा: धोपावे ते शृंगारतळी

आवाज एकदाच आला. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली आणि धोपाव्याला उतरत होतो. बोटीचं फळकं जेटीच्या उतारावर टेकतं तिथे पायरीसारखा उंचवटा असतो. पुढची चाकं तिथून खाली आली आणि डावीकडून ‘टण्ण’ झालं. बायको म्हणाली, “खाली काही लागलं का रे?” जेटीवरून वर येऊन गाडी बाजूला घेतली, वाकून पाहिलं. बंपर शाबूत होता, तेल-पाणी काही गळत नव्हतं, चाकात हवा होती. स्टिअरिंगही सरळ वाटलं. सूर्य मावळायला आला होता आणि मागच्या सीटवर आई दमली होती, म्हणून निघालो.

गुहागर ओलांडून वेळणेश्वरला पोहोचेपर्यंत अंधार पडला. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर डावीकडून बारीक कटकट ऐकू येत होती. नऊ वर्षं चाललेली हॅचबॅक आहे, सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची रबरं गेली असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तो अंदाज चुकीचा होता. तशीच चूक इतर कुणी करू नये म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरचे काका आगरात पाणी लावून अंगणात आले आणि गाडीकडे बघत उभे राहिले. “तुमची गाडी डाव्या अंगाला बसली आहे हो. रात्री पण तशीच वाटली मला.” अंगण सारवलेलं, सपाट, त्यामुळे फरक स्पष्ट दिसत होता. उजव्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे माझी चार बोटं जात होती, डावीकडे जेमतेम अडीच. टायरची हवा दोन्हीकडे सारखीच होती. म्हणजे खालावली होती ती स्प्रिंगच.

आता तपासायचं कसं, ते सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं, म्हणजे चाकामागची जागा मोकळी होते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. फोनचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू ठेवायचा आणि फोन हळूच आत धरायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते व्हिडिओ थांबवून थांबवून नीट बघता येतं. माझ्या व्हिडिओत स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटलेलं दिसलं. साधारण पाऊण वेढ्याचा तुकडा खालच्या वाटीत (स्प्रिंगचं खालचं टोक जिच्यात बसतं ती बैठक) पडला होता आणि वरच्या स्प्रिंगचं धारदार टोक त्याच्यावर टेकलं होतं. त्या टोकापासून टायरची आतली बाजू दोन बोटांवर होती.

ती दोन बोटं बघून पोटात गोळा आला. आदल्या रात्री त्याच टायरवर आई, बायको आणि सगळं सामान घेऊन मी वळणावळणाचा रस्ता पार केला होता.

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप मधे आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, एकच उभा खांब. चार माणसं आणि सामान असलं की पुढच्या एका चाकावर तीन-साडेतीनशे किलो भार सहज येतो आणि तो सगळा ही स्प्रिंग पेलते. वाटीत बसलेलं शेवटचं वेटोळं तसंही फारसं दबत नाही, त्यामुळे ते तुटलं तरी गाडी जवळजवळ पूर्वीसारखीच चालते. थोडी खाली बसते, थोडी कडक होते, खड्ड्यात आवाज करते, बस. चालकाला वाटतं, चालतेय ना, मग घरी जाऊन बघू. पण पुष्कळ गाड्यांत ती वाटी टायरच्या अगदी जवळ असते. तुटकं टोक वाटीतून घसरून बाहेर आलं, तर ते फिरत्या टायरच्या भिंतीत घुसतं. भिंत फाटली की पंक्चर काढण्याचा प्रश्नच उरत नाही. हवा एका क्षणात जाते, तीही पुढच्या चाकाची.

म्हणून पहिली तपासणी त्या टोकाची. ते वाटीत पक्कं बसलंय की बाहेर डोकावतंय? टायरच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवा (गाडी थंड असताना). चर, खरचटा किंवा फुगवटा लागला तर गाडी जागची हलवायची नाही. तुकडा सैल खडखडत असेल तरी नाही. पाऊस असेल, अंधार असेल किंवा पुढे घाट असेल तरीही नाही. या बाबतीत मी आता कुणाशी वाद घालत नाही.

आमचा मूळ बेत हेदवीचं दशभुजा गणेशाचं देऊळ करून तवसाळला फेरी पकडायची, जयगडला उतरून गणपतीपुळे, असा होता. रत्नागिरीत गॅरेजं भरपूर, मग पुढेच जावं असं मला आधी वाटलं. बायकोने रोखलं: “काल बोटीवरून उतरतानाच आवाज झाला, आणि आज परत बोटीवर घालायची?” तिचं बरोबर होतं. ओहोटीला जेटीचा ओला, शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि फळक्याचा कोन अवघड होतो. खाली बसलेली गाडी तिथे घासते, शिवाय एका चाकावर अचानक भार येतो. (फेरीला माझा विरोध नाही. दाभोळ-धोपावे फेरी 2003 साली सुरू झाली नसती तर दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणचा मोठा वळसा घालावा लागला असता. जुन्या किंवा खालच्या चेसिसच्या गाडीने भरतीच्या आसपासची वेळ धरावी आणि चढता-उतरताना पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने जावं, एवढंच.)

विम्याच्या मदत क्रमांकावर फोन केला. उचलून नेणारी गाडी लांबून येणार होती आणि वेळ कुणी नक्की सांगेना. 1033 हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गासाठी आहे, किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यावर त्याचा भरवसा धरू नका. वेळणेश्वरला आमच्या एका फोनला रेंज होती, दुसऱ्याला नव्हती. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं सोबत ठेवा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

मार्ग काढला काकांनी. त्यांच्या ओळखीचे मिस्त्री शृंगारतळीला होते. त्यांना मी व्हिडिओ पाठवला आणि तासाभरात ते स्वतः बाईकवरून आले. या प्रवासातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच झाली: गाडी मिस्त्रीकडे नेण्याआधी मिस्त्री गाडीकडे आले. जॅक लावून त्यांनी खाली लाकडी ठोकळे दिले, चाक काढून तेही आडवं गाडीखाली सरकवलं. स्ट्रट लोंबता झाला, स्प्रिंग सैल पडली आणि तुकडा त्यांनी पक्कडीने ओढून काढला. मग गाडी हळूहळू खाली घेत नवं टोक वाटीत कुठे बसतंय ते दोनदा पाहिलं. “आत बसलंय. पण साहेब, वीसच्या वर काटा जाऊ देऊ नका. मी पुढेच आहे.” टोक बाहेर राहिलं असतं तर गाडी अंगणातच ठेवायची, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आई सामानासकट रिक्षातून निघाली. डाव्या पुढच्या सीटवर कुणीच नाही, बायको मागे उजवीकडे, म्हणजे तुटक्या कोपऱ्यापासून तिरक्या टोकाला. डिकी रिकामी, फक्त स्टेपनी आणि पाने. वेळणेश्वरहून पालशेत, मोडकाआगर आणि मग शृंगारतळी, एरवी पाऊण तासाचा रस्ता. आम्हाला एक तास चाळीस मिनिटं लागली. उतारावर दुसरा गिअर, ब्रेक अगदी हलका, कारण जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या स्प्रिंगांवर येतं. गतिरोधकावर जवळजवळ थांबून, दोन्ही चाकं एकदम. स्टिअरिंग पूर्ण टोकाला कुठेच वळवलं नाही. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून टायरची आतली बाजू पाहिली. पालशेतच्या अरुंद बाजारात मागे गाड्या साचल्या, तेव्हा बायकोने खाली उतरून हात दाखवून त्यांना पुढे सोडलं. काच उघडी, गाणी बंद. आवाज बदलला तर तो ऐकू आला पाहिजे.

शृंगारतळी गुहागर-विजापूर रस्त्यावरची बाजारपेठ आहे. टायरवाले, पंक्चरवाले, गॅरेज, सगळं हाताशी. आमच्या मॉडेलची स्प्रिंग तिथे नव्हती. मिस्त्रींनी चिपळूणच्या दुकानात फोन करून नोंदणी पुस्तिकेतला चेसिस नंबर वाचून दाखवला. पेट्रोल आणि डिझेल इंजिनाचं वजन वेगळं असतं, त्यामुळे एकाच मॉडेलला दोन प्रकारच्या स्प्रिंगा येऊ शकतात. माल एसटीने पार्सल आला, दुपारी तीनला. कोकणात अडकलात तर ही सोय डोक्यात ठेवा.

स्प्रिंगा जोडीनेच बदलायच्या. डावी नवी आणि उजवी नऊ वर्षांची ठेवली तर गाडी एका अंगाला कलती राहते आणि ब्रेक लावताना ओढते. शिवाय उजवीनेही तेवढंच पाणी आणि तेवढेच खड्डे खाल्लेले असतात. तुटकी स्प्रिंग वेल्डिंग करून घ्या असं कुणी सुचवलं तर तिथून निघा. स्प्रिंगचं पोलाद उष्णता देऊन, विझवून तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते गुण जातात आणि ती सांध्याशेजारीच पुन्हा तुटते. दोन वेटोळ्यांमधे रबर कोंबणं हाही इलाज नव्हे.

स्ट्रट खोलताना मी लांब उभा राहिलो. दाबलेल्या स्प्रिंगमधली ताकद माणसाचा जीव घेऊ शकते. मिस्त्रींकडे स्प्रिंग दाबून धरणारे आकड्यांचे दोन चांगले कॉम्प्रेसर होते. समोरासमोर लावून ते थोडं एकीकडे, थोडं दुसरीकडे असं आवळत होते. दोरी किंवा तार बांधून कुणी हे काम करत असेल तर करू देऊ नका. स्ट्रट वर जिथे गाडीला जोडलेला असतो त्या माउंटचं बेअरिंगही खडखडत होतं, तेही तेव्हाच बदललं. स्प्रिंगा, माउंट आणि मजुरी मिळून सहा हजार तीनशे झाले. मिस्त्री वेळणेश्वरला आले-गेले त्याचे पैसे घ्यायला तयार नव्हते. आईने आग्रह करून हातात दिले.

मग त्यांनी तुटलेला तुकडा पुसून मला दाखवला. तुटलेल्या तोंडाचा एक तृतीयांश भाग काळपट-तांबडा, गंजलेला. उरलेला करडा, चमकता. “हे बघा, हे जुनं. हे कालचं.” तडा कित्येक महिने आधीच गेला होता, धोपाव्याला फक्त उरलेलं पोलाद सुटलं. पूर्ण स्प्रिंग बाहेर आल्यावर कारणही दिसलं. दगड उडून रंगाचा टवका गेलेला, आणि वाटीत जांभ्याची लाल माती सुकून दगडासारखी बसलेली. ती माती ओल धरून ठेवते, खारी हवा तिला साथ देते, आणि उघड्या पोलादावर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की प्रत्येक हादऱ्याबरोबर तडा तिथून आत सरकतो. दोन वर्षांपूर्वी मी हीच गाडी समुद्राकाठच्या वाळूत नेली होती आणि नंतर नुसती वरून धुतली होती. वाळूत गाडी नेऊ नका. किनाऱ्याला धोका, माणसांना धोका आणि गाडीलाही. कोकणातून परतल्यावर चारही चाकांच्या आत, स्प्रिंगच्या वाट्यांमधे गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. पावसाळा संपला की एकदा गाडी वर उचलून स्प्रिंगची शेवटची वेटोळी बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

संध्याकाळी सातला गाडी सपाटीवर उभी केली, तर दोन्हीकडे चार-चार बोटं. रात्र गुहागरला काढली. दुसऱ्या दिवशी आईला हेदवीचं दर्शन घडवलं, पण तवसाळची फेरी आणि गणपतीपुळे सोडून दिलं. स्ट्रट उघडला की चाकांचे कोन हलतात, म्हणून चिपळूणला अलाइनमेंट करून घेतली आणि मगच कुंभार्ली घाट चढलो. पाटण, कराड करत रात्री पुण्यात पोहोचलो.

पाचशे किलोमीटरनंतर स्ट्रटचे बोल्ट पुन्हा तपासून घेतले. त्याच वेळी मागच्या स्प्रिंगाही पाहिल्या. उजवीच्या खालच्या वेटोळ्यावर रंग उडून गंज धरलाय. ती जोडी या पावसाळ्याआधी बदलणार आहे.