डावी बाजू

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

उद्या मतदानाची सुट्टी आहे, म्हणजे आज जागायला हरकत नाही. तशीही झोप कुठे लागतेय. डाव्या कुशीवर वळलं की आत कुणी नारळाची करवंटी पालथी घातल्यासारखं टोचतं.

दुपारी डॉक्टर मॅडमनी एमआरआय बघितला आणि म्हणाल्या, "शेवया नाहीत." मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, स्तनाच्या जागी बसवलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं की त्याचं कवच चुरगळून जेलमध्ये तरंगतं आणि फिल्मवर शेवयांसारख्या रेघा दिसतात. माझं शाबूत आहे. पण भोवती शरीराने जो पडदा धरलाय, तो आवळत चाललाय. या आवळण्याच्या चार पायऱ्या असतात, बेकर नावाच्या डॉक्टरने ठरवलेल्या. पहिलीत काही जाणवत नाही, चौथीत कडकपणाबरोबर दुखणंही येतं. मी तिसरीत. रेडिएशन घेतलेल्या बाजूला हे जास्त होतं म्हणे. २०१३ मध्येही कुणीतरी सांगितलं असेल, पण तेव्हा 'गाठ' सोडून दुसरा शब्द माझ्या कानात शिरत नव्हता.

आता तीन रस्ते. हे काढून नवं घालायचं. किंवा पोटाची चरबी-कातडी रक्तवाहिन्यांसकट वर आणून त्याचा स्तन करायचा, म्हणजे मोठं ऑपरेशन आणि पोटावर या कडेपासून त्या कडेपर्यंत टाके. किंवा नुसतं काढायचं, पडदाही सोडवून घ्यायचा आणि सपाट शिवून टाकायचं. "घाई नाही, विचार करून सांगा," म्हणाल्या. विचार करायला वेळ मिळालाय हेच माझ्यासाठी नवीन आहे.

तेव्हा विचारलं कुणी होतं? मी ३७ वर्षांची, सई तिसरीत. सगळे म्हणाले, अजून वय काय आहे तुझं. सासूबाई म्हणाल्या, पैशाकडे बघू नका. मी मान हलवली. स्तन काढला त्याच दिवशी आत एक रिकामी पिशवी ठेवली, आणि मग दर पंधरवड्याला सुई टोचून तिच्यात सलाइन भरायचं, कातडीला हळूहळू जागा करून द्यायची. शेवटी ती काढून कायमचं बसवलं, २७५ सीसी. पाव किलोच्या वरच. फाइलीत त्याचं कार्ड आहे, लॉट नंबरसकट, जसं फ्रिजचं असतं.

कृतघ्न व्हायचं नाही मला. ब्लाउज नीट बसायचा. लोकलमध्ये कुणाची नजर अडकत नव्हती. ती पहिली दोन-तीन वर्षं मला त्याची खरंच गरज होती.

पण ते माझं कधी झालं नाही. बँकेत एसीखाली बसलं की डावीकडचं गार पडतं, आणि घरी येऊन चहा होईपर्यंत गारच असतं. कणीक तिंबताना छातीचा स्नायू आवळला की अख्खा गोळा वर उडी मारतो. सई लहानपणी मुद्दाम बघायला यायची. "आई, परत कर ना." मीही करायचे.

२०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत कवचाची काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली. त्या कवचाभोवती क्वचित एक लिम्फोमा होतो. स्तनाचा कर्करोग नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा. मी मध्यरात्री उठून कार्ड शोधलं. माझी कंपनी वेगळी, पण कवच खरखरीतच. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्रास नसेल तर नुसत्या भीतीपोटी काढू नका, एफडीएचंही तेच म्हणणं आहे. अचानक सूज आली तर मात्र लगेच या. तेव्हापासून अंघोळ करताना हात आधी डावीकडेच जातो. खरं सांगायचं तर कंटाळा याचा आलाय. एकदा गाठ शोधून झाली, आता पिशवीवर पहारा.

काही बायका केस गळण्यापासून विसराळूपणापर्यंत सगळं इम्प्लांटच्या माथी मारतात. त्यांना त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही; कितीजणींना काढल्यावर बरं वाटलंय. पण माझा थकवा मला या पिशवीच्या खात्यावर मांडायचा नाही. तो डोंबिवली-सीएसएमटीचा आहे.

आज वाचताना एक गोष्ट सापडली. जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे नावाच्या बाईला बसवलं. त्याआधी एका कुत्रीवर करून बघितलं होतं. ही बाई गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी हे सुचवलं. ती म्हणाली, मला खरं तर माझे पुढे आलेले कान नीट करून हवेत. मग कानही केले आणि हेही. मी हसले, विनय जागा झाला.

त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "तुला हवं ते कर, मला काही फरक पडत नाही." चांगल्या मनाने म्हणाला, माहीत आहे. तरी राग आलाच. अकरा वर्षं ज्यावर मी पदर सावरत आले, त्याने कुणालाच फरक पडत नव्हता?

आईचं ऑपरेशन १९९१ चं. आमच्या गावाकडे तेव्हा असलं काही कुणाच्या कानावरही नव्हतं. तिने जुन्या सुती साडीची पिशवी शिवली, आत कापूस आणि वजनाला मोहरी. एका हळदीकुंकवाला वाकून वाण देताना तिची शिवण उसवली आणि मोहरी टपटप फरशीवर. बायका गप्प. आईने सुपली मागवली, मोहरी भरून घेतली आणि म्हणाली, "फोडणीला नका हं वापरू." रात्री निवडून परत शिवली. ती पिशवी रोज झोपताना खुंटीवर असायची. काढून ठेवता यायची, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

निकालाचा दिवस. दुकानादुकानांत टीव्ही मोठ्याने चालू. बोटावरची शाई अजून आहे, तीही डावीकडेच.

काल रात्री सईला विचारलं. एकोणीसची आहे, तिला सगळं स्पष्ट असतं. "काढून टाक. नाही आवडलं तर नंतर बघू." मग थोडं थांबून, "मलाही चेक करावं लागेल का गं?" हे मी तिला कधी नीट सांगितलंच नाही. आजी आणि आई, दोघींना. जनुकीय तपासणीचं मॅडमशी बोलायचंय, यादीत सगळ्यात वर लिहिलं. माझं ते खाली गेलं.

मेडिक्लेमवाल्यांचा फोन झाला. फॉर्मवर 'सौंदर्यासाठी आहे का' असा चौकोन आहे. काढण्यासाठी काय लिहायचं, हे त्या मुलालाही माहीत नव्हतं. मॅडमकडून पत्र आणायला सांगितलं.

संध्याकाळी शैलाताईंकडे गेले. भाच्याचं लग्न फेब्रुवारीत, पैठणीचा ब्लाउजपीस महिनाभर पिशवीत पडलाय. त्यांनी टेप गळ्यातून काढला. माझ्या डाव्या बाजूची कटोरी त्या अकरा वर्षं न विचारता वेगळी कापतात. आणि गेल्या वर्षीपासून थोडी वरही.

"कटोरीच ना, ताई?"

मी म्हटलं, "कापड ठेवून घ्या. माप जानेवारीत देते. आणि कटोरी उजवीकडेच लागेल."

त्यांनी टेप परत गळ्यात अडकवला, वही काढून लिहून घेतलं आणि विचारलं, "मग गळा बंद करू का?"

"नको," म्हटलं, "मागून खोल ठेवा."