त्याहून रानटी

दुपारी झोप येईना म्हणून मोबाइल चाळत पडले होते, तर एक जुनं चित्र समोर आलं. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. वर युरोपातले दहा पुरुष आपापल्या पोशाखात ओळीने उभे, आणि खाली चक्क तक्ता! स्वभाव, बुद्धी, दुर्गुण, आजार असं करत 17 ओळी. वेळ कसा घालवतात? स्पॅनिश जुगारात, इटालियन बडबडीत, पोलिश भांडणात, रशियन झोपेत. मरतात कुठे? फ्रेंच युद्धात, इंग्रज पाण्यात, रशियन बर्फात. तुर्क आणि ग्रीक मिळून एकच रकाना. एवढ्या लांबचे वेगळे कोण काढत बसणार!

मी खिळले ती स्वभावाच्या ओळीवर. स्वीडिश क्रूर. पोलिश ‘त्याहून रानटी’. हंगेरियन सर्वांत क्रूर. मग रशियनाची पाळी येईस्तोवर विशेषणंच संपली असावीत, कारण तिथे लिहिलंय, थोडक्यात, ‘हंगेरियनासारखाच’. तक्ता जर्मन भाषेत आहे आणि जर्मनाचा स्वभाव अर्थातच ‘अगदी चांगला’. पण वेळ घालवतो पिण्यात आणि मरतोही दारूतच, हेही त्याने लिहिलंय. एवढा प्रामाणिकपणा पुरे.

सिफिलिस या गुप्तरोगाचंही तेच. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणायचे, फ्रेंच नेपल्सचा रोग, रशियन पोलिश रोग. आपल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तो ‘फिरंग रोग’ आहे. घरचा असा कुणाचाच नाही.

शाळेत मी ‘अ’ तुकडीत होते. मधे एक भिंत, पलीकडे ‘ब’. ‘ब’ची मुलं चोरटी, हे आम्हाला पहिलीपासून ठाऊक होतं. कुणाचं काय चोरीला गेलं होतं, देव जाणे. पेन्सिल दिसेनाशी झाली की आम्ही सगळ्या त्या भिंतीकडे बघायचो. मग सापडायची, दप्तराच्या तळाशी. भिंतीकडे बघणं काही सुटलं नाही.

पाचवीत तुकड्या बदलल्या आणि मी ‘ब’त गेले. पहिल्याच दिवशी बाकावरची मुलगी माझ्याकडे निरखून बघत राहिली. मधल्या सुट्टीत हळूच म्हणाली, “तुम्ही ‘अ’वाल्या सगळ्या खडू खाता ना गं?”

मी जोरात मान हलवली, नाही म्हणून.

खरं तर मी खायचे. पांढरा. पण आमच्या तुकडीत मी एकटीच.