होल्डमधून उतरताना: वारा, वेळ आणि उंचीचा हिशेब

होल्ड म्हणजे उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानाने ठरलेल्या बिंदूवर (फिक्स) लांबट फेऱ्या मारणे. ते नुसते घिरट्या घालत थांबणे असे धरून चालले की पुढचा अप्रोच (धावपट्टीकडची उतरण) हमखास बिघडतो. होल्डमध्येच उंची कमी करायची असते. त्यासाठी एक फेरी खरोखर किती मिनिटांची होते हे ठाऊक हवे.

वारा नसेल तर १४,००० फुटांपर्यंत फेरी चार मिनिटांची: वळण, आउटबाउंड (फिक्सपासून दूर जाणारा सरळ टप्पा), वळण, इनबाउंड (फिक्सकडे येणारा), प्रत्येकी एक मिनिट. त्याच्या वर सरळ टप्पे (लेग) दीड मिनिटाचे. प्रमाण वळण उजवीकडे. वळण्याचा वेग सेकंदाला ३ अंश किंवा २५ अंश बँक (विमानाचा बाजूला कल), ज्यात बँक कमी लागेल ते. होल्डमध्ये शिरायचे कसे, पॅरलल, ऑफसेट की डायरेक्ट एंट्रीने, या प्रश्नात शिकाऊ वैमानिक फार अडकतात. पण कोणत्या दिशेने आल्यास कोणती एंट्री हे ठरवणाऱ्या सेक्टरच्या सीमेवर दोन्ही बाजूंना ५ अंशांची मुभा असतेच. लक्ष द्यायचे ते वाऱ्याकडे.

आडव्या वाऱ्याचे उदाहरण घ्या. इनबाउंड ट्रॅक (जमिनीवरचा मार्ग) ०९० अंश, वळणे उजवीकडे, खरा हवाई वेग (हवेच्या सापेक्ष) १२० नॉट, वारा दक्षिणेकडून २० नॉट. इनबाउंडवर दुरुस्ती साधारण १० अंश, म्हणून हेडिंग (नाकाची दिशा) १००. वळणांमध्ये दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे आउटबाउंडवर तिप्पट लावायची: २७० ऐवजी २४०. ती लावली नाही तर शेवटचे वळण ट्रॅक ओलांडून होल्डच्या उलट बाजूला जाते आणि तिकडे सुरक्षित क्षेत्र कमी असते.

मागून-पुढून येणारा वारा तर वेळच बदलतो. त्याच १२० नॉट वेगाने, आउटबाउंडवर ३० नॉट वारा पाठीशी असताना मिनिटभर उडालात, तर दोन्ही वळणांतही विमान त्याच दिशेला वाहत जाते आणि इनबाउंडला एकाऐवजी तब्बल २ मिनिटे २० सेकंद लागतात. उलट, इनबाउंड नेमके एक मिनिट हवे असेल तर आउटबाउंड अवघे १२ सेकंद! तेव्हा फेरी ३ मिनिटे १२ सेकंदांत संपते.

आता उंची. ६,००० वरून ३,००० फुटांवर एका फेरीत यायचे म्हणून मिनिटाला ७५० फुटांचा दर धरला. चार मिनिटांत बरोबर ३,००० फूट कमी होतात. पण वर सांगितलेल्या ३ मिनिटे १२ सेकंदांच्या फेरीत २,४००च होतात, म्हणजे फिक्सवर तुम्ही ६०० फूट उंच. अशा वेळी नाक खाली दाबून ग्लाइडस्लोप (उतरण्याचा कोन दाखवणारा रेडिओ संकेत) वरून पकडायला जाणे धोक्याचे: खऱ्या ३ अंशांच्या वर खोटे, जास्त तीव्र उताराचे संकेत सापडू शकतात आणि ऑटोपायलट त्यांनाच धरू शकतो. सरळ आणखी एक फेरी मागावी. नियंत्रकाला ती आधी सांगितलेली बरी, फिक्स ओलांडल्यावर नव्हे.

अप्रोचची परवानगी मिळाली तरी होल्डच्या किमान उंचीखाली लगेच जायचे नाही. आधी चार्टवरच्या पुढच्या ट्रॅकवर स्थिर व्हायचे, म्हणजे व्हीओआर (दिशा दाखवणारे रेडिओ केंद्र) किंवा आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) मार्गापासूनचे विचलन दाखवणारी सुई अर्ध्या डिफ्लेक्शनच्या आत हवी.

ट्रान्झिशन लेव्हलखाली (जिथून उंचीमापकावर प्रमाण दाबाऐवजी स्थानिक दाब लावतात ती पातळी) उतरताना क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून काढलेला स्थानिक दाब, लावायचा राहिला तर हे सगळे गणित व्यर्थ. क्यूएनएच ९९३ हेक्टोपास्कल असताना प्रमाण १०१३ तसाच राहिला तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा सुमारे ५५० फूट खाली असते. होल्डमध्ये अडथळ्यांपासून ठेवलेले अंतर सपाट प्रदेशात साधारण १,००० फूट असते. त्यातले निम्म्याहून अधिक तिथेच संपते.