युद्ध चालू असताना माणसे आगबोटीत बसलीच कशाला?

१९४२ मध्ये जपानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘तिलावा’ आगबोटीचा विषय निघाला की ऐन महायुद्धात माणसे बायकामुलांसह समुद्रावर निघालीच कशाला, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून लिहितो. या प्रश्नात दडलेला बेफिकिरीचा ठपका मला अन्यायाचा वाटतो.

युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी १८९६ पासून हजारो हिंदी मजूर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोंबासाला गेले. व्यापारी, कारकून आणि कारागीर यांचीही त्या किनाऱ्यावर वस्ती वाढली, आणि पुढच्या पिढीत कित्येक कुटुंबांचे, त्यांतही विशेषतः गुजराती कुटुंबांचे, दुकान तिकडे आणि म्हातारे आईवडील इकडे अशी स्थिती झाली. लग्नकार्य असो वा आजारपण, सामान्य माणसाला ये-जा करायची ती ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीनेच, कारण विमानाचे भाडे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. डेकचे तिकीट काढलेली माणसे वळकटी स्वतः आणत आणि मिळेल त्या जागेवर पसरून दिवस काढत. या आगबोटींच्या खलाशांत रत्नागिरीकडची माणसेही असत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. युद्ध कधी संपेल हे कोणालाच ठाऊक नसताना या घरांनी ताटातूट तरी किती वर्षे सोसायची?

‘तिलावा’ने २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबई सोडली. मोंबासा, लोरेन्सो मार्केस (आजचे मापुटो) आणि दरबान असा तिचा मार्ग होता, आणि तिच्यावर ९५८ माणसे होती. २३ तारखेच्या पहाटे सेशेल्सच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, जपानी पाणबुडीचा पाणतीर (टॉर्पेडो) तिच्यावर आदळला. होड्या पाण्यात सोडल्या गेल्या, पण काही वेळाने दुसरा पाणतीर आला आणि बोट बुडाली. ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका दोन दिवसांनी पोहोचली आणि वाचलेल्यांना तिने मुंबईला परत आणले. २८० माणसे गेली.

त्याच बोटीवर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेली चांदीही होती. तिच्या २,३६४ विटा २०१७ साली समुद्रतळावरून काढण्यात आल्या आणि मालकीचा वाद २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बोटीचे नाव जगभर झाले ते या चांदीमुळे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

युद्धानंतर याच कंपनीने मुंबई ते पूर्व आफ्रिका या मार्गावर १९४७ मध्ये ‘कंपाला’ आणि १९४८ मध्ये ‘करंजा’ या नव्या आगबोटी आणल्या, आणि कुटुंबे पुन्हा वळकट्या घेऊन त्यांत चढू लागली.