एंटरप्राइझ १:३५०, डिसेंबर १९७१: काम कुठवर आलं

एंटरप्राइझ या अमेरिकी विमानवाहू जहाजाचं १:३५० मापाचं मॉडेल करतो आहे. हलचा, म्हणजे जहाजाच्या मुख्य अंगाचा, रंग संपला, डेकवर पहिला हात बसला, आयलंड (डेकवरची मनोऱ्यासारखी इमारत) अर्ध्यावर आहे आणि विमानं अजून स्प्रूला, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिलाच, लटकलेली आहेत. म्हणजे बघणाऱ्याला दिसेल असं फारसं काही नाही. तरी लिहून ठेवतो, कारण याच किटला पुढे कुणी हात घातला तर त्याचे दोन-चार रविवार वाचतील.

किट जुनं, जपानी. मूळ जहाज ३४२ मीटर लांब, म्हणजे मॉडेल जवळजवळ ९८ सेंटिमीटर. रुंदी २२ सेंटिमीटरच्या आसपास. डबा फोडण्याआधी घरात ते ठेवणार कुठे याचा फैसला करून घ्या. आमच्याकडे ती वाटाघाट अजून चालू आहे आणि माझी बाजू लंगडी आहे.

पण खरा पहिला निर्णय जागेचा नसतो, सालाचा असतो. सीव्हीएन-६५ एंटरप्राइझ २५ नोव्हेंबर १९६१ ला अमेरिकी नौदलात दाखल झाली आणि १ डिसेंबर २०१२ ला कामातून थांबवली गेली. एक्कावन्न वर्षं. एवढ्या काळात तिचं रूप इतकं बदललं की नुसतं 'एंटरप्राइझ केली' म्हणण्याला आपल्या धंद्यात अर्थ नाही. कुठली, ते सांगावं लागतं. डब्यात जी येते ती १९७९ ते ८२ च्या मोठ्या दुरुस्तीनंतरची आहे: नवं आयलंड, कडेला अंगावर येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या फॅलँक्स तोफा, डेकवर एफ-१४ टॉमकॅट विमानं. मला हवी होती ती आठ-दहा वर्षं आधीची, बंगालच्या उपसागरात आली होती ती.

आपल्याकडे अमेरिकेचं 'सातवं आरमार' म्हटलं की साठी ओलांडलेल्या कुणाचेही कान टवकारतात. १० डिसेंबर १९७१ च्या सुमारास निक्सनच्या हुकमाने त्या आरमारातून टास्क फोर्स ७४ हा ताफा जुळवला गेला. एंटरप्राइझ व्हिएतनामच्या किनाऱ्यावरची कामगिरी सोडून सिंगापूरकडे निघाली, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून आत आली आणि १५ तारखेला बंगालच्या उपसागरात होती. दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. सोव्हिएत जहाजं आणि पाणबुड्या मागावर होत्या हेही खरं. पुढे पाणबुड्यांनी एकदम वर येऊन तिला कसं घेरलं वगैरे जे सांगितलं जातं, त्यात मीठमसाला बराच आहे असं माझं मत. जानेवारीत ती निघून गेली.

त्याच समुद्रात तेव्हा आपली विक्रांत होती. चार बॉयलरपैकी एकाला भेगा, त्यामुळे वेग कमी, आणि तशाच अवस्थेत तिची सी हॉक विमानं ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले करत होती. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी विशाखापट्टणमबाहेर बुडाली. विक्रांतही १९६१ चीच, मार्चमध्ये बेलफास्टला नौदलात आली. एकाच सालात दाखल झालेल्या दोन विमानवाहू नौका, एक दुसरीच्या चौपटीहून जड, दहा वर्षांनी एकाच उपसागरात. दोघी एका मापात एका फळीवर ठेवायच्या, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

हल

हलमध्ये मेहनत कमी, घासकाम जास्त. जोड भरायला पुट्टी लावली, सुकू दिली, २४० पासून १००० पर्यंत कागद चालवला. प्रायमर पावसाळ्यात मारू नका. मी गणपती उलटेपर्यंत थांबलो. हवेत ओल असली की रंगावर पांढरट झाक येते आणि ९८ सेंटिमीटरभर ती झाक काढणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पाण्याखालची बाजू मी मुद्दाम पूर्ण ठेवली, कारण तिची खरी गंमत तिथे आहे. चार पंखे आणि चार सुकाणू. नंतरच्या निमिट्झ वर्गातल्या अमेरिकी विमानवाहू नौकांना दोनच सुकाणू आहेत. आत आठ अणुभट्ट्या, पंखा फिरवणाऱ्या एकेका शाफ्टमागे दोन. आधीच्या विमानवाहू नौकांत जे आठ बॉयलर असत, त्यांच्या जागी एकेक म्हणून आठ; निमिट्झमध्ये दोन मोठ्या पुरल्या. एकूण ताकद २ लाख ८० हजार अश्वशक्ती, वेग ३३ नॉटच्या वर. खर्च ४५ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि ठरलेल्या बाकीच्या पाच बहिणी रद्द झाल्या, त्यामुळे आपल्या वर्गात ही एकटीच. किटमधले सुकाणू जाड आहेत, मागची कड घासून पातळ केली की पुरे.

या भट्ट्यांनी काय साधलं ते १९६४ मध्ये दिसलं. लाँग बीच आणि बेनब्रिज या दोन अणुशक्तीच्या जहाजांबरोबर ती जिब्राल्टरकडून निघाली आणि आफ्रिकेला, ऑस्ट्रेलियाला, दक्षिण अमेरिकेला वळसा घालून नॉरफोकला परतली. ६५ दिवस, ३० हजार मैलांहून जास्त, वाटेत इंधन नाही, रसद नाही. त्याआधी जूनमध्ये भूमध्य समुद्रात खलाशांनी डेकवर उभं राहून आइन्स्टाइनचं समीकरण रेखलं होतं. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. १:३५० मध्ये माणूस पाच मिलिमीटरचा. करून बघायचा मोह झाला, मग आकडेमोड केली आणि गप्प बसलो.

लाल तळ, काळा पट्टा, वर करडा. झालं.

डेक

डेकचा रंग हा वादाचा विषय आहे आणि मी वादात पडतो. बहुतेक जण अमेरिकी डेक इतका मळवतात की जहाज भंगारात चाललंय असं वाटावं. साल बघा आधी.

१४ जानेवारी १९६९ ला हवाईजवळ सराव चालू असताना विमानाचं इंजिन सुरू करणाऱ्या गाडीच्या गरम झोताने एका फँटम लढाऊ विमानाला लावलेलं झुनी रॉकेट तापलं आणि फुटलं. मग इंधन पेटलं, डेकवरचे बॉम्ब एकामागून एक फुटले. २८ जण गेले, ३१४ जखमी, १५ विमानं खाक. मागच्या डेकला भगदाडं पडली. पर्ल हार्बरला दुरुस्ती होऊन मार्चमध्ये ती पुन्हा समुद्रात होती, म्हणजे दोन महिनेही लागले नाहीत. त्यानंतर न्यूपोर्ट न्यूजला दीड वर्षाची मोठी दुरुस्ती, अणुइंधनाची दुसरी अदलाबदल, आणि १९७१ च्या सुरुवातीला बाहेर. जूनमध्ये पश्चिम पॅसिफिककडे निघाली.

म्हणजे डिसेंबर १९७१ चा डेक वर्षभराचाही नाही. त्यात सहा महिन्यांचं व्हिएतनामचं काम धरा. मी गडद करड्यावर कॅटापुल्टच्या (विमानाला ओढून उडवणाऱ्या यंत्रणेच्या) रेषेत आणि अटकाव तारांच्या पट्ट्यात थोडे टायरांचे काळे ओघ दिले, लिफ्टच्या कडांना तेलकट डाग, आणि तिथेच थांबलो. हलवर गंजाचे ओघळ अगदी नांगरापाशी.

पुढच्या कॅटापुल्टच्या टोकाला बाहेर आलेली दोन शिंगं कापू नका. फँटम आणि व्हिजिलंटी ही विमानं तारेच्या फासाने ओढून उडवली जात आणि तो फास समुद्रात जाऊ नये म्हणून ती शिंगं. ए-६, ए-७ ही विमानं पुढच्या चाकाला जोडून निघत, त्यांना फास लागत नाही. डेकवर एखादा फँटम उड्डाणाला उभा करणार असाल तर जुन्या चार्जरच्या वायरीतली एक तांब्याची तार सोलून घ्या, मापात बरोबर बसते.

फॅलँक्सचे कट्टे कापून टाकले. १९७१ ला त्या तोफा नव्हत्या. मुळात पैसे वाचवायला हे जहाज क्षेपणास्त्रांशिवायच समुद्रात सोडलं होतं. सी स्पॅरो क्षेपणास्त्रं १९६७ मध्ये बसली. किटमधले लाँचर पुढच्या काळातले आहेत, त्यांच्या जागी पेटीच्या आकाराचे जुने लाँचर प्लास्टिक शीटमधून केले.

आयलंड

इथे किटचं काहीच उपयोगी नाही. सगळं नवीन.

जुनं आयलंड हा या जहाजाचा चेहरा होता आणि तो परत कुणाच्या वाट्याला आला नाही. धुराडं नाही, कारण धूरच नाही. त्यामुळे खालचा भाग लहान, आणि त्यावर बाहेर आलेला चौकोनी ठोकळा. ठोकळ्याच्या चारही बाजूंना रडारच्या सपाट पाट्या: एक आडवी, शोध घेणारी एसपीएस-३२, एक उभी, माग ठेवणारी एसपीएस-३३. फिरणाऱ्या अँटेनाऐवजी चारही दिशांना एकदम बघणारी यंत्रणा, १९६१ मध्ये! काळाच्या फार पुढे आणि म्हणून कायम आजारी. तिची देखभाल हे तंत्रज्ञांचं दुखणं होतं. एंटरप्राइझ आणि लाँग बीच सोडून ती कुठेच बसली नाही आणि १९७९ ते ८२ मध्ये काढून टाकली. ठोकळ्यावर शंकूसारखा घुमट आणि त्याच्या अंगावर ओळीने छोट्या अँटेना, म्हणून तिकडचे लोक त्याला मधमाश्यांचं पोळंच म्हणत.

ठोकळा १ मिलिमीटरच्या शीटचा, आतून आडवे टेके, नाहीतर भिंती आत वाकतात. पाट्या ०.५ मिलिमीटरच्या, वेगळ्या रंगवून शेवटी चिकटवणार. घुमटासाठी बरीच खटपट केली. शेवटी एका मित्राने लेथवर अ‍ॅक्रिलिकचा शंकू काढून दिला आणि त्यावर मी ताणलेल्या स्प्रूचे ठिपके लावतो आहे. चिमटा, भिंग आणि बंद पंखा. पंखा चालू राहिला तर दिवसभराचं काम फरशीवर. जुने फोटो बघून माप काढताना एक लक्षात ठेवा: साठच्या दशकातल्या आणि सत्तरच्या दशकातल्या फोटोंत मस्तकावरच्या बारीक अँटेना बदलत गेल्या आहेत. शक्यतो १९७१ च्या जवळपासचेच फोटो धरा.

विमानं

डब्यातल्या टॉमकॅटना रजा. एफ-१४ या जहाजावर पहिल्यांदा उतरलं मार्च १९७४ मध्ये आणि त्याच सप्टेंबरात मोहिमेवर गेलं. मला हवा तो १४ वा एअर विंग, म्हणजे तेव्हाचा जहाजावरचा विमानांचा ताफा, शेपटीवर एनके ही अक्षरं: एफ-४जे फँटम, ए-७ई, ए-६ए, ई-२बी, एक-दोन ईकेए-३बी, आणि लाडकं आरए-५सी व्हिजिलंटी. व्हिजिलंटी २३ मीटरचं, म्हणजे या मापात साडेसहा सेंटिमीटरच्या वर. डेकवर ते उभं केलं की बाकीची विमानं पोरकी दिसतात. फँटमचे सुटे संच मिळतात, व्हिजिलंटीसाठी रेझिन मागवावं लागलं आणि ते कस्टममधून सुटेस्तोवर दसरा झाला.

दुसरी सालं

ज्यांना किट आहे तसंच करायचंय त्यांच्याकडेही साहित्य कमी नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात, घर हाकेच्या अंतरावर असताना, वाळूत रुतली, आणि त्या दिवशी पाहुणा म्हणून जहाजावर होता जॉर्ज टाकेई, 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेतल्या दुसऱ्या एंटरप्राइझचा, म्हणजे अंतराळयानाचा, सुकाणूवाला. असं कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण ओढूनताणून आणलंय म्हटलं असतं. १९८५ च्या नोव्हेंबरात बिशप रॉक या समुद्रातल्या खडकावर आपटून तळाला लांब चीर पडली. एप्रिल १९८६ मध्ये सुएझमधून जाणारी पहिली अणुशक्तीची विमानवाहू ती ठरली, आणि १९८८ मध्ये तिच्या विमानांनी इराणची युद्धनौका सहंद बुडवण्यात भाग घेतला. २००१ च्या सप्टेंबरात घरी निघालेली असताना न्यूयॉर्कची बातमी आली, ती मागे वळली आणि ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर पहिल्या हल्ल्यांत होती. ते साल करायचं तर हॉर्नेट विमानं लागतील आणि आयलंडवरचे मास्टही पुन्हा तपासावे लागतील.

औपचारिक निवृत्ती ३ फेब्रुवारी २०१७. तिचा एक नांगर अब्राहम लिंकन या विमानवाहू नौकेवर गेला, आणि तिचं काही पोलाद वितळवून न्यूपोर्ट न्यूजला बांधल्या जाणाऱ्या नव्या एंटरप्राइझमध्ये, सीव्हीएन-८० मध्ये, घातलं आहे. २०२५ मध्ये तोडण्याचं कंत्राट निघालं, काम अलाबामातल्या मोबाइल बंदरात. अणुशक्तीची विमानवाहू तोडण्याची ही पहिलीच वेळ. आतल्या भट्ट्यांमुळे तिचं संग्रहालय होणं शक्यच नव्हतं. आपल्या विक्रांतला अशी काही अडचण नव्हती. ती मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि तरी २०१४ मध्ये दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजं तोडण्याच्या जागी, गेली. तिचं लोखंड बजाजच्या मोटरसायकलीत आलं. मला ही गोष्ट अजून पटलेली नाही आणि पटवून घ्यायचीही नाही.

पुढचं काम

घुमट पुरा करून आयलंड रंगवायचं, मग डेकवरचे ६५ चे आकडे आणि उतरण्याच्या रेषा. रेषा मी डिकलने (किटबरोबर येणाऱ्या चिकटवायच्या छापील खुणांनी) न करता मास्किंग टेपने करणार, कारण जुन्या किटचे डिकल पिवळे पडलेत. त्यानंतर विक्रांत: २१३ मीटर, म्हणजे ६१ सेंटिमीटर. या मापात तिचं प्लास्टिकचं किट मला मिळालेलं नाही, त्यामुळे हल शीट आणि पुट्टीतूनच उभं करावं लागेल. आराखडा काढायला घेतला आहे. कुणाकडे तिच्या १९७१ च्या आयलंडचे डाव्या बाजूने घेतलेले स्वच्छ फोटो असतील, किंवा एनके शेपटीचे १:३५० चे डिकल उरले असतील, तर सांगा. बदल्यात बाराएक टॉमकॅट देऊ शकतो, स्प्रूसकट.