मागचं चाक सीटला कळलं पाहिजे

रविवार, रात्र

माझ्या कार-रेसिंग गेमच्या सीटखालचा शेकर, म्हणजे सीटला थरथर देणारं यंत्र, आज बसला. सोयाबीन बाजारात गेलं, हरभऱ्याची पेरणी आटोपली आणि तुरीला अजून अवकाश आहे, त्यामुळे दुपार हाताशी होती. लाइनही टिकली.

माझी रिग, म्हणजे गेम खेळायची गाडीसारखी बैठक, सगळी इथलीच. चौकोनी पाइपची चौकट दारव्ह्याच्या वेल्डरकडून करून घेतली, सीट भंगारातल्या मारुती ८०० ची, स्टिअरिंग जुनं घेतलेलं लॉजिटेक जी२९. जेवणं झाली की असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये बीएमडब्ल्यूची ई३० एम३ गाडी काढायची आणि मोंझाच्या ट्रॅकवर फिरायचं, हा माझा ठरलेला वेळ. पण एक गोष्ट सारखी खटकायची. दुसऱ्या लेस्मो वळणातून बाहेर पडताना मागचं टोक सुटायचं आणि मला ते कळायचं गाडी आडवी व्हायला लागल्यावर.

कारण साधं आहे. स्टिअरिंगमधली मोटर हाताला जो जोर देते तो पुढच्या चाकांचा. खऱ्या गाडीतही स्टिअरिंगला पुढचीच चाकं जोडलेली असतात. मागची चाकं घसरायला लागली की आधी कळतं ते कमरेला, मग हाताला. घरच्या रिगवर कंबर नुसती बसून असते आणि सगळं काम डोळ्यांना आणि हातांना करावं लागतं. मला शेकर हवा होता तो एवढ्यासाठी. गंमत म्हणून सीट हलवायची असती तर मी हा खर्च केला नसता.

शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर. आत कॉइल असते, चुंबक असतं, पण हवा ढकलणारा कागदी कोन नसतो. आतलं जड वजन मागेपुढे होतं आणि ज्या लोखंडाला तो आवळलाय ते लोखंड हलतं. माझा ४ ओहमचा, ५० वॅटचा आहे. साधारण २० ते ८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरणं, ही त्याची खरी हद्द. त्याला चालवणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर) टीपीए३११६ चिपचा, २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतो, तळहातावर मावेल एवढा. शेकर फोमला टेकवून चालत नाही, थरथर फोमच खाऊन टाकतो. म्हणून सीटच्या खालच्या सांगाड्याला आडवी जाड पट्टी वेल्ड करून घेतली होती, तिच्यावर चार बोल्टांनी आवळला. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, घेतले. सतत थरथरणाऱ्या जागी साधा नट आपोआप ढिला होतो, हे शेतातल्या अवजारांवर काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

ॲम्प सुरू केला. गेम अजून उघडला नव्हता, तरी सीटमध्ये बारीक गुरगुर. कानाला काहीच नाही, पण मांडीला स्पष्ट लागत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ शेकरच्या हद्दीच्या बरोबर मधोमध पडतात. साध्या स्पीकरला जी घरघर जेमतेम ऐकू येते, ती इथे अंगात शिरते. पीसी आणि ॲम्पची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेली की ही गुरगुर शिरते. यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, पण स्वस्तातल्या डब्यांमधला ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर कापतो, आणि आपल्याला तर खालचेच हवे. म्हणून वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी पीसी आणि ॲम्प एकाच बोर्डावर घेतले आणि अर्थिंगचा खड्डा पाहायला गोठ्यामागे गेले. पाऊस संपून काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या की खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. मीठ-कोळसा नवा भरला, वरून पाणी ओतलं. घरात येऊन सीटवर हात ठेवला तर सीट शांत. अर्थिंगचं काम तसंही घरासाठी करायलाच हवं होतं, ते यानिमित्ताने झालं.

मग सिमहब, म्हणजे शेकरला काय थरथरायचं ते सांगणारं पीसीवरचं सॉफ्टवेअर. शेकरला गेमचा नुसता आवाज देऊनही भागतं, पण मग शेजारून गेलेल्या गाडीचं इंजिनही तुमच्याच सीटमध्ये वाजतं. सिमहब आवाजाकडे पाहत नाही. गेममधून चाकांचा वेग, घसरण, गिअर, सस्पेन्शनची हालचाल असे आकडे उचलतं आणि त्यांवरून थरथर तयार करून वेगळ्या यूएसबी साउंड कार्डाला पाठवतं. फुकटात चालतं, परवाना घेतला की हे सेकंदाला ६० वेळा होतं. मी परवाना घेतला. घसरण जेवढ्या लवकर कळेल तेवढा तिचा उपयोग.

त्यात इफेक्टची मोठी यादी आहे: रस्त्याचा खडबडीतपणा, गिअरचा धक्का, इंजिन, लॉक झालेलं (ब्रेकने फिरायचं थांबलेलं) चाक, घसरलेलं चाक. सगळे एकदम लावून दोन-तीन फेऱ्या मारल्या. सीट जोरात हलते, पण सांगत काहीच नाही. सगळंच थरथरत असलं की अंग थोड्या वेळाने त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून एकेक बंद करत गेलो. डोळ्यांना किंवा हातांना जे आधीच कळतं ते सीटला कशाला? रस्त्याचा खडबडीतपणा स्टिअरिंग सांगतंच, बंद. इंजिन कान सांगतात, बंद. उरली मागच्या चाकांची घसरण. ती ४५ हर्ट्झवर ठेवली, हलकी सुरू होऊन घसरणीसोबत वाढत जाणारी. गिअरसाठी एक आखूड ठोका ठेवला, आणि कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, चाक चढल्याचा एक.

लेस्मोच्या बाहेर ॲक्सिलरेटर दाबला आणि सीटच्या मागच्या कडेला बारीक थरथर आली. गाडी सरळच होती. पाय किंचित वर घेतला, थरथर थांबली, गाडी निघून गेली. तेच वळण मी पुन्हा पुन्हा घेत राहिलो.

सोमवार, रात्र

आईची तक्रार सकाळीच आली. "रात्री मांडणीवरचे भांडे वाजून रायले होते ना रे." शेकरची थरथर चौकटीतून फरशीत, फरशीतून भिंतीत, भिंतीतून मांडणीत. गॅरेजमधून जुन्या इंजिन माउंटिंगची चार रबरं आणली आणि चौकटीच्या पायांखाली दिली. भांडी गप्प झाली, शिवाय सीटमधली थरथर जास्त स्वच्छ लागायला लागली, कारण ती आता जमिनीत वाया जात नाही.

बाबा जेवून आले आणि पहिल्यांदाच रिगवर बसले. आजवर ते दारातून पाहून जायचे. त्यांना मी शेकरबद्दल काही सांगितलं नव्हतं. हळूहळूच चालवत होते. एका वळणातून निघताना त्यांनी पाय जरा जास्त दाबला, सीट थरथरली, आणि त्यांनी लगेच पाय सोडला. मी त्यांच्या उजव्या पायाकडेच पाहत होतो. टाच मागे सरकून काहीतरी शोधत होती. आमच्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, पेडल तिथेच आहे. ओल्या काळ्या मातीत एक चाक नुसतं फिरायला लागलं की टाचेने ते दाबायचं.

"मागचं चाक सुटून रायलं ना हे?" ते म्हणाले.

"हो बाबा."

"पण इंजिन कुठं गेलं याचं? बंद गाडीवर बसल्यावानी वाटते. ट्रॅक्टर लोडवर आला की सीटवर पयले समजते, आवाज मंग ऐकू येते."

यावर मी वही घेऊन बसलो. चार सिलेंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ९०० आरपीएमला सेकंदाला ३०, २४०० ला ८०, ६००० ला २००. म्हणजे शेकरच्या हद्दीत इंजिन असतं ते खालच्या फेऱ्यांमध्येच, वर गेल्यावर ते काम कानांचं. आमच्या ट्रॅक्टरला तीन सिलेंडर, दर फेऱ्याला दीड स्फोट; १५०० ला ३७.५. बाबांचं सगळं काम याच पट्ट्यात चालतं, त्यामुळे त्यांना लोड अंगाने कळणारच. मी इंजिनचा इफेक्ट परत सुरू केला, पण २४०० पर्यंतच, अगदी मंद आणि घसरणीच्या खूप खाली. गाडी उभी असताना आता सीट जिवंत लागते, आणि वळणात इंजिन मध्ये येत नाही.

आता पुढच्या चाकांचं पाहायचं आहे. ब्रेक मारताना पुढचं चाक लॉक झालं तर ते पायालाच कळावं, म्हणून दुसरा शेकर पेडलच्या पाटीखाली लावणार. साउंड कार्डचा डावा चॅनल सीटला दिलाय, उजवा रिकामाच आहे. पाटी मात्र पातळ पडते, आताच पाय दाबला की लवते. दारव्ह्याला बाजाराला जाईन तेव्हा ती वेल्डरकडे नेतो.